गोधडी गुलाबी झाली त्याची गोष्ट

घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायच्या, हा आमच्याकडचा नियम. आजीच्या वेळी त्यांची बोचकी सायकलच्या कॅरियरला बांधून गंगेवर जायची. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. बाहेरगावचा पाहुणा पहिले दोन दिवस गोंधळतो.) आता गंगेत साबण सोडायची लाज वाटते, म्हणून हे काम आमच्या पंचवटीतल्या घराच्या गच्चीवर होतं. मोठा प्लास्टिकचा टब, त्यात साबणाचं पाणी, आणि वर उभं राहून पायांनी तुडवणं.

यंदा तुडवायला भाची होती. रेवा, वय वर्षं आठ, मुक्काम पोस्ट पुणे. शनिवार-रविवारला आलेली. पंधराएक मिनिटं नाचून झाल्यावर ती ओरडली, “मामा, माझे पाय लाल झाले!”

पाय कसले, सगळं पाणीच लाल झालं होतं.

झालं होतं असं, की आमच्या सगळ्यात जुन्या गोधडीच्या कडा विरल्या होत्या. उन्हाळ्यात मी बाजारातून लाल सुती कापड आणलं आणि आईने त्याचा नवा गोट लावला. कापड मोजताना दुकानदार दोनदा म्हणाला होता, “एकदम पक्का रंग, साहेब.” दोनदा म्हणाला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ओली गोधडी उचलायला दोन माणसं लागतात. मी आणि मेहुण्यांनी ती पिळली न पिळली अशी करून कठड्यावर टाकली आणि सगळे बघत राहिले. बाबांच्या धोतराचं पांढरं अस्तर गुलाबी. आजीच्या पातळाचे फिक्या पिवळ्या रंगाचे तुकडे, तेही पिकल्या पेरूच्या गरासारखे गुलाबी. फक्त एका कोपऱ्यातला आईच्या साडीचा तुकडा जसाच्या तसा. पांढऱ्यावर निळ्या बुट्ट्या, एक शिंतोडा नाही.

रेवाने दोन प्रश्न विचारले. दोन्ही इतके सरळ होते की मी पंचवीस वर्षं कारखान्यात गुणवत्ता तपासणीत घालवून ते कधी विचारले नव्हते. एक: “आजीची ही साडी का नाही रंगली?” दुसरा, बोट गोधडीच्या मधोमध ठेवून: “आणि हा लाल पण लालच आहे ना? मग याचा रंग का नाही गेला?”

मधला लाल म्हणजे आलवण.

त्याबद्दल आधी सांगतो, कारण रेवाला ते आईने सांगितलं आणि मला मध्ये बोलू दिलं नाही. आलवण म्हणजे पूर्वी सोवळ्या विधवा बायका नेसत ते लाल लुगडं. माझी पणजी तशी होती. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा पणजी शेवटच्या दोन-तीन वर्षांत होती. डोक्यावरून लाल पदर आणि हातात जपमाळ, एवढीच आईची आठवण. ती गेल्यावर तिच्या दोन लुगड्यांतलं धडकं कापड काढून आजीने ते गोधडीच्या मधोमध घातलं. रेवाने विचारलं, “तिला लाल आवडायचा?” आई म्हणाली, “आवडतो का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं.” मग ती खाली चहा टाकायला गेली.

इतक्या वर्षांत त्या लालाचा विटकरी झालाय. पण त्याने शेजारच्या तुकड्याला कधी डाग दिला नाही.

आता रेवाचे प्रश्न. ती रात्री झोपायच्या आत उत्तर हवं म्हणाली. रंगाआधी कापड आलं, कापडाआधी सूत, सुताआधी कापूस. मी गाडी पार शेताच्या बांधापर्यंत मागे नेली, तशी ती जांभई द्यायला लागली. वाचवलं आईनेच. गणपतीत गेजवस्त्रं करून उरलेला कापूस तिच्याकडे होता आणि ती देवासमोर बसून वाती वळत होती. परसात देवकापसाचं झाड आहे, त्याचंच एक उकललेलं बोंड तिने रेवाच्या हातात दिलं. “यातली सरकी काढून दाखव.”

सरकी सहजी निघत नाही. कापूस तिला धरून असतो, कारण कापूस हे त्या बीचेच केस. एक तंतू म्हणजे एक पेशी, बीच्या सालीतूनच लांब वाढलेली. शेतातल्या कापसाच्या एका सरकीवर असे दहा हजारांहून जास्त तंतू असतात आणि प्रत्येकाची लांबी साधारण २५ ते ३० मिलिमीटर, म्हणजे रेवाच्या अंगठ्याच्या पेराहून थोडी जास्त. बोंड बंद असतं तोवर ही प्रत्येक पेशी म्हणजे पाण्याने भरलेली गोल नळी. बोंड उकललं, ऊन लागलं, की आतलं पाणी आटतं, नळी चपटी होते आणि चपटी होता होता स्वतःभोवती पिळत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू वळ्या पडलेल्या फितीसारखा दिसतो तो यामुळेच. आपण पीळ देण्याआधी उन्हाने एक पीळ देऊन ठेवलेला असतो. या वळ्यांमुळेच तंतू एकमेकांत अडकतात आणि कापूस कातता येतो. शेवरीचा कापूस दिसायला किती मऊ आणि चकचकीत, पण तंतू सरळ आणि गुळगुळीत. तो उशीत भरायचा, त्याचं सूत काढायच्या भरीस पडायचं नाही.

अंगठ्याच्या पेराएवढ्या केसांची नऊवारी कशी होते? नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या वर. आईने शब्द न बोलता कापूस दोन चिमटींत धरून ओढला. तुटला. मग तळव्यावर राखेचं बोट लावून वात वळली आणि तीच ओढायला दिली. रेवाने दात-ओठ खाऊन ओढली, तुटेना. पिळलेल्या तंतूंना जितकं ताणाल तितके ते एकमेकांना आवळतात. टकळी, चरखा, गिरणीतली हजार चात्यांची यंत्रं, सगळ्यांचं काम एवढंच: तंतू विंचरून सरळ करायचे, ओढत पातळ करायचे आणि पीळ द्यायचा. आईच्या शाळेत टकळीचा तास असायचा. तिला त्यात दहापैकी चार मिळाले होते. हे तिने रेवाला सांगितलं नाही, मी इथे सांगतो.

सुताचं कापड होण्याचा भाग मी पटकन उरकला. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा, आणि बाण्याला एकाआड एक धाग्याखालून घेऊन जाणारा धोटा. रेवाने शाळेत कागदाच्या पट्ट्यांची चटई केलेली होती, तिला तेवढं पुरलं. वणीला जातो तसं एकदा आग्रा रोडने मालेगावला तिला न्यायचं कबूल केलंय. तिथल्या गल्ल्यांतून यंत्रमागांची खडखड ऐकली की कापड हा शब्द पुन्हा शांतपणे उच्चारता येत नाही. तिथे मागावरून उतरतं ते बरंचसं कोरं कापड, मळकट पिवळसर. आणि कोऱ्या कापडाला रंग लावायला गेलं तर ते चक्क नकार देतं.

हे खरं वाटेना म्हणून एका वाडग्यात पाणी घेतलं. आईच्या वातीचा कापूस त्यात टाकला, तो तरंगत राहिला. औषधाच्या दुकानातला कापूस टाकला, तो घोटभर पाणी पिऊन क्षणात बुडाला. रेवाने हा प्रयोग नऊ वेळा केला. बोंडातून आलेल्या कापसाच्या अंगावर मेणाचा अगदी पातळ थर असतो, पावसापासून जपायला निसर्गाने दिलेला. दवाखान्यातला कापूस सोड्यात उकळून त्याचं मेण काढलेलं असतं. कोऱ्या कापडाचंही तेच करावं लागतं: आधी विणताना सुताला लावलेली खळ धुवायची, मग सोड्यात उकळायचं, मग पांढरं करायचं. एवढं झालं की कापूस खऱ्या स्वभावावर येतो.

खरा स्वभाव म्हणजे तहान. कापूस जवळजवळ सगळा सेल्युलोजचा, आणि सेल्युलोज म्हणजे साखरेच्या हजारो कणांची एकामागोमाग ओवलेली माळ. आपल्याला ती गोड लागत नाही, पचतही नाही, पण पाण्याची ओढ साखरेचीच. नुसत्या हवेतूनसुद्धा १०० ग्रॅम सुती कापड सात-आठ ग्रॅम ओल धरून ठेवतं. पाण्याबरोबर जे विरघळून येईल ते आत घेतं. म्हणून गोधडी दोघांना उचलावी लागते, आणि म्हणूनच बाबांचं धोतर गुलाबी झालं.

आईची साडी पॉलिएस्टरची. १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅमही ओल न धरणारी. ती खनिज तेलापासून बनते, पाण्याशी तिचं काही देणंघेणं नाही. तिला रंगवायचं तर वेगळे रंग लागतात आणि दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवलेलं पाणी, तेव्हा कुठे तिच्या आत रंग शिरतो. आमच्या गच्चीवरच्या कोमट टबाची तिने दखलच घेतली नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. “म्हणजे आजीच्या साडीला तहान लागत नाही,” रेवा म्हणाली. आई म्हणाली, “तेव्हा तीच तर खुबी होती तिची. रात्री धुवावी, सकाळी नेसावी.” गोधडीत मात्र तो तुकडा अंगाला लागला की गार लागतो, हे आम्ही सगळे जाणतो आणि आईला सांगत नाही.

दुसरा प्रश्न अवघड होता, कारण पाणी पिणं आणि रंग धरून ठेवणं या दोन गोष्टी. जे पाण्याबरोबर आत आलं ते पाण्याबरोबर बाहेर का जाऊ नये?

रेवाला याचं उत्तर अर्धं माहीत होतं. तिच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडतो, साबण लावला की लाल होतो, पाण्याने खळबळलं की पुन्हा पिवळा, आणि दोन दिवस उन्हात टाकला की गायब. हळद हा असा रंग. कापसाला कुणाच्याही मदतीशिवाय लागतो आणि उन्हाला घाबरून पळतो. साबणात लाल होते ते क्षारामुळे. हळदीत चुना घालून कुंकू करतात, त्यातलीच ही गंमत.

मंजिष्ठा किंवा आल या वनस्पतींच्या मुळांतला लाल याच्या उलट. तो उन्हाला भीत नाही, पण कापूस त्याला जवळ करत नाही. लोकर, रेशीम हे प्राण्यांचे धागे, प्रथिनांचे. त्यांना असे रंग बऱ्यापैकी सहज लागतात. कापसाला मध्यस्थ लागतो, आणि तो आपल्या बाथरूममध्ये दाढीच्या सामानात पडलेला असतो: तुरटी. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हाताने कापसाला धरतं, दुसऱ्या हाताने रंगाला. तिघे मिळून अशी गाठ बसते की ती पाण्यात विरघळत नाही. पणजीच्या आलवणाचा लाल सुटत नाही, तो अशाच गाठीमुळे असावा. कापूस तुरटीलाही लवकर दाद देत नाही, म्हणून त्याआधी हिरड्याच्या पाण्यात बुडवायचा. हिरड्यातला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, कापसावर बसतो आणि तुरटीला जागा करून देतो. मध्यस्थालाही मध्यस्थ. आमच्याकडे लग्नं अशीच जमतात.

हे कुणाला, कधी सुचलं असेल? मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, त्यावर मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा लाल होता. चार हजारांहून जास्त वर्षं झाली त्याला. कापसावर तो लाल बसवायचा तर असं काहीतरी मध्ये घालावंच लागतं. रसायनशास्त्र हा शब्द नसताना कुणीतरी मातीच्या रांजणापाशी बसून ते शोधलं होतं.

निळीने तर तिसराच रस्ता काढलाय. (धुण्याला देतात ती नीळ नव्हे, झाडाची नीळ.) पाला पाण्यात कुजवतात, ते पाणी घुसळून नीळ काढतात, पण ती पाण्यात विरघळतच नाही. मग चुना आणि गूळ किंवा तसलं काही घालून रांजण आंबवायचा, आतला प्राणवायू संपवायचा. त्यात नीळ आपलं निळेपण सोडते, पिवळट-हिरवी होऊन विरघळते आणि कापसात शिरते. कापड बाहेर काढलं की हवा लागून डोळ्यांदेखत हिरव्याचं निळं होतं, आणि परत न विरघळणारी नीळ आतच अडकून पडते. चोर दारातून आत आला आणि आत येऊन लठ्ठ झाला, आता दारातून बाहेर पडता येईना, असं मी रेवाला सांगितलं. तिला हे सगळ्यात आवडलं. या निळीपायी बंगालच्या शेतकऱ्यांनी १८५९मध्ये बंड केलं, गांधीजी १९१७ला चंपारणात गेले, हे मात्र तिला थोडी मोठी झाल्यावर सांगेन.

मग माझा ‘पक्का रंग’ कोणता होता? १८५६मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला हिवतापाचं औषध करायला जाऊन डांबरापासून जांभळा रंग मिळाला, आणि तिथून कारखान्यांत रंग तयार व्हायला लागले. त्यातला एक प्रकार कापसाला थेट लागणारा: तुरटी नको, हिरडा नको, गरम पाण्यात मीठ घालून कापड बुडवलं की झालं. कांगो रेड हा त्या घराण्यातला पहिला, १८८४च्या सुमाराचा. स्वस्त, झगझगीत, झटपट. पण हे रंग कापसाला नुसते टेकून उभे असतात. गाठ नाही. जास्त पाणी आलं की हात सुटतो. कापसाशी स्वतःच रासायनिक गाठ मारणारे रंग बाजारात यायला १९५६ उजाडावं लागलं. आज चांगल्या सुती कापडावर बहुतेक तेच असतात. त्यांतही गाठ न बसलेला जादा रंग कारखान्यात नीट धुवून काढावा लागतो. ते धुणं कुणी वाचवलं, तर ते तुमच्या गच्चीवर होतं.

आईने मधल्या काळात गोधडीवर मूठभर मीठ टाकून पाहिलं होतं. मीठ रंगवताना रंगाला कापसाकडे ढकलायला उपयोगी, पण एकदा सुटलेल्या रंगाला ते आवरत नाही. मी हे म्हणालो तेव्हा आई म्हणाली, “तुझं बरोबर असेल. पण काहीच न करता बघत बसवत नाही.”

तो लाल गोट आम्ही त्याच संध्याकाळी उसवला.

आता गोधडीला कडा नव्हत्या. नवा गोट आपणच रंगवू, ही कल्पना रेवाची, आणि कशाने रंगवायचा, ही नाशिकची. ज्या जिल्ह्यात लासलगाव आहे तिथे रंगासाठी दूर जायची गरज नाही. कांद्याच्या सुक्या सालीत पिवळा रंग असतो. डाळिंबाच्या सालीतही असतो, शिवाय टॅनिन तिच्या अंगचंच, पण डाळिंबाचा भाव पाहता कांदा बरा. कोपऱ्यावरच्या कांदे-बटाटेवाल्याने पिशवीभर साली फुकट दिल्या आणि “काय करता याचं?” म्हणून दोनदा विचारलं. भद्रकालीतून हिरडा आणला. एका बरणीत गुळाचं पाणी आणि गंजके खिळे घालून ती गच्चीच्या कोपऱ्यात ठेवली आणि रेवा पुण्याला गेली. बरणीला फेस आला का, हे विचारायला रोज रात्री फोन.

दिवाळीच्या सुट्टीत ती आली तेव्हा बरणीतलं पाणी काळपट, आंबूस झालं होतं. मांजरपाटाच्या पट्ट्या सोड्यात उकळून ठेवल्या होत्या. स्टीलच्या जुन्या पातेल्यात साली तासभर उकळल्या, चहासारखं गडद पाणी झालं. तीन गठ्ठे केले. पहिला नुसताच बुडवला: मळल्यासारखा फिका, आणि दोन धुण्यांत तोही गेला. दुसरा हिरडा आणि तुरटी दिलेला: सोनेरी पिवळा, झेंडूच्या आतल्या पाकळीसारखा. तिसरा पिवळा करून खिळ्यांच्या पाण्यात घातला, तो बुडवताक्षणी काळवंडला आणि वाळल्यावर शेवाळी तपकिरी झाला. तेच पातेलं, त्याच साली. लोखंड मध्ये पडलं की रंग वेगळा. घरभर मात्र दोन दिवस खानावळीचा वास. मेहुणे म्हणाले, भाऊबीजेला ओवाळणीऐवजी पिठलं मागावंसं वाटतंय.

आईने पट्ट्या दुमडून कडेला टाचून दिल्या आणि रेवाला सुईत दोरा ओवायला लावला. गोधडीचा टाका म्हणजे धावदोरा, वर-खाली, वर-खाली. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत यायचं. थरांच्या मध्ये हवा अडकून राहते ती या टाक्यांमुळे, आणि ऊब त्या हवेची. रेवाचे टाके बोटभर लांब होते. आईने ते उसवले नाहीत, त्यांच्या मधूनच आपले बारीक टाके घातले. पिवळा गोट तीन बाजूंना आला आणि शेवाळी चौथ्या बाजूला, पायाशी. मधलं आलवण तसंच. त्याच्याभोवतीचं गुलाबीही तसंच, त्याला आता इलाज नाही.

निफाडचा पारा खाली जायला लागला की पंचवटीतही पहाटे दात वाजतात. त्या गोधडीवर सध्या रेवाचा हक्क आहे. ती पुण्याला असते तेव्हा आई घेते. परवा उन्हात टाकताना आईने गोट चिमटीत धरून ओला फडका त्यावर घासला, फडका उजेडात धरून पाहिला आणि घडी घालत म्हणाली,

“नाही गेला. तरी पुढच्या वर्षी ही एकटीच भिजवायची.”